पाच नांगरांचा महजर

नारोपंत बेहेरे वऱ्हाडात नोकरी मागायला आले, असं कोणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. ते वऱ्हाडावर उपकार करायला आले होते. तिकडे अमेरिकेत कोणीतरी कोणाशी तरी लढत होतं, त्यामुळे विलायतेतल्या गिरण्यांना कापूस मिळत नव्हता, त्यामुळे वऱ्हाडातल्या काळ्या मातीचं सोनं झालं होतं, आणि त्यामुळे तिथल्या बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या होत्या. बैलांचं इतकं झालं, आता माणसांना कोणीतरी शहाणं करायला हवं, असा विचार नारोपंतांनी पुण्यात बसून केला. पुण्यात बसून दुसऱ्या मुलखाविषयी विचार करणं फार सोपं असतं.

त्यांच्याजवळ दाखला होता. पुण्याच्या मास्तर तयार करणाऱ्या शाळेतून ते पहिल्या वर्गात उतरले होते, आणि तसं लिहिलेला जाड कागद, खाली लाखेची तांबडी मोहर, हे सगळं त्यांनी रेशमी रुमालात बांधून आणलं होतं. तो रुमाल ते जेवतानासुद्धा नजरेआड करत नसत. खरी गोष्ट अशी की परीक्षा घ्यायला आलेल्या साहेबाच्या मराठीतल्या चुका त्यांनी त्याच्यादेखत फळ्यावर मांडून दाखवल्या होत्या, आणि तेव्हापासून पुण्याला त्यांची गरज उरली नव्हती. बायको सगुणाबाई सध्या भावाच्या घरी होती. निघताना मेहुणा म्हणाला होता की नाताळापर्यंत जमलं नाही तर संकोच करू नका, माझ्या मुलांना घरी शिकवायला कोणीतरी हवंच आहे, दोन वेळचं जेवण इथेच. ते ‘दोन वेळचं जेवण’ नारोपंतांच्या घशात अजून अडकलेलं होतं. मेहुण्याच्या पंगतीला आश्रित म्हणून बसण्यापेक्षा अकोल्याच्या मोर्णा नदीत उडी घेतलेली बरी, असं ते मनाशी म्हणत. मोर्णेला त्या दिवसांत गुडघाभर पाणी असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आगगाडी जिथवर पोचली होती तिथवर ते आगगाडीने आले, आणि पुढे नुसतं माणूस न्यायला एकही गाडीवान तयार होईना. माणूस नेऊन काय मिळतं? गाड्या कापसाच्या, बैल कापसाचे, रस्ताही कापसाचा. अखेर एकाने दया करून त्यांना कापसाच्या बोंद्र्यांच्या, म्हणजे गोण्यांच्या, थप्पीवर चढवलं, आणि पहिल्या वर्गात उतरलेले नारोपंत बेहेरे कापसावर पालथे पडून अकोल्यात शिरले.

अकोल्यात जागा मिळेना. जिथे भिंत आणि छप्पर तिथे कापूस, आणि जिथे कापूस नाही तिथे कापसाचा दलाल. शेवटी नदीपलीकडे जुन्या शहरात पार्बताबाईंनी पडवी दिली. पार्बताबाई माळ्याच्या, वांगी आणि झेंडू विकणाऱ्या, नवऱ्यामागे एकटीने मळा ओढणाऱ्या. त्यांच्या पडवीत राहायचं म्हणजे नारोपंतांच्या सोवळ्याला मोठा धक्का होता, पण कापसाच्या भावाने त्या वर्षी सोवळ्याचा भावही उतरवला होता. पाणी स्वतः आणतो, चूल वेगळी मांडतो, असं त्यांनी बजावलं. पार्बताबाई म्हणाल्या की मांडा बाप्पा, राख मात्र तुम्हीच काढा.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी पडवीतल्या पाहुण्याला सल्ला दिला.

“लिवता येते ना तुमाले? मंग वखारीत बसा. तिथं दिसभर लिवलं त कोनी दाखला इचारत नाई. पोट्टे शिकवून काय भेटते तुमाले?”

नारोपंतांनी विद्यादान आणि कापूस यांतला फरक त्यांना अर्धा तास समजावून सांगितला. पार्बताबाईंनी तेवढ्या वेळात वांग्यांच्या दोन टोपल्या निवडल्या. मग समोरच्या तेल्याने सल्ला दिला, शेजारच्या कासाराने दिला, आणि पाणी भरायला चाललेल्या एका अनोळखी म्हातारीने थांबून, घागर कमरेवर ठेवून, दोघांच्या सल्ल्यांतल्या चुका काढल्या. सगळ्यांचं एकच मत होतं की हा माणूस आजारी दिसतो.

शाळाखात्याच्या कचेरीत भगवंतराव नावाचे सिरस्तेदार होते. साहेब महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर असे आणि उरलेले दहा दिवस शिकारीवर, त्यामुळे वऱ्हाडातल्या विद्येचे मालक भगवंतरावच. ते फार गोड बोलत. त्यांनी रुमाल सोडला, दाखला उजेडाला धरला, मोहरेवरून बोट फिरवलं, पुन्हा घडी घातली आणि परत दिला.

“दाखला उत्तम आहे,” ते म्हणाले. “पण परका आहे.”

नारोपंतांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. भगवंतरावांनी मग सावकाश उलगडून सांगितलं. दाखला मुंबई इलाख्याचा. वऱ्हाड मुंबई इलाख्यात नाही. वऱ्हाड निजाम सरकारचं, फक्त कारभार इंग्रज सरकारकडे. तेव्हा पुण्याचा पहिला वर्ग इथे कितवा धरायचा, हे ठरवण्याचा नियम अजून झालेला नाही, आणि नियम होईपर्यंत विलायतेचा दाखला काय आणि पुण्याचा काय, दोन्ही सारखेच परके. नारोपंतांनी रागाने विचारलं की राणी एक, साहेब एक, पुस्तकंही तीच, मग मी परका कसा? भगवंतराव म्हणाले की तुम्ही परके असं मी म्हटलेलं नाही, कागद परका आहे, आणि कचेरी माणूस पाहत नाही.

मात्र मार्ग होता. कचेरीत मार्ग नेहमी असतो, आणि तो नेहमी दुसऱ्या गावातून जातो. सावरखेड म्हणून बार्शीटाकळीच्या पुढे गाव होतं, तिथे नवी शाळा मंजूर झाली होती. ती हवी असेल तर दाखल्याचा फारसी तर्जुमा अमरावतीच्या मोठ्या कचेरीच्या मुन्शीकडून करून आणायचा, आणि दुसरं म्हणजे सावरखेडच्या पाच रयतांचा महजर, म्हणजे साक्षीपत्र, की हा इसम आम्हांस ठाऊक आहे, वर्तनाने चांगला आहे, आम्हांस शिक्षक म्हणून हवा आहे, खाली पाचांची निशाणी. सगळे कागद नाताळाच्या सुट्टीआधी. बाळापूरचाही एक उमेदवार होता. त्याला पाढे पंधरापर्यंतच येत, पण त्याचा दाखला इथलाच होता. एवढं सांगून भगवंतरावांनी नोंदवहीत उमेदवाराचं वर्णन लिहिलं. नारोपंतांच्या शेंडीत आणि मिशांत प्रवासातला कापूस अजून होता. ‘वय अदमासे पन्नास, केस पांढरे,’ अशी नोंद झाली. नारोपंत तेहेतीस वर्षांचे होते.

अमरावतीला जायला तीन दिवस लागले, पुन्हा कापसावर बसून. तिथले मुन्शीजी रसिक होते. ‘पहिल्या वर्गात उत्तीर्ण’ एवढ्या दोन ओळींचा त्यांनी साडेचार पानी तर्जुमा केला. त्यात नारोपंत ज्ञानाच्या बागेतले बुलबुल झाले, गणिताच्या गगनातले चंद्र झाले, आणि त्यांच्या वाडवडिलांच्या शौर्याचंही वर्णन आलं. नारोपंतांचे वाडवडील चार पिढ्या भिक्षुकी करत होते. तो तर्जुमा घेऊन ते अकोल्याला परतले, तर भगवंतरावांनी चार दिवस लावून तो मुळाशी ताडला आणि विचारलं की बुलबुल मूळ दाखल्यात कुठे आहे. मग पुन्हा अमरावती, पुन्हा तीन दिवस, पुन्हा कापूस. दुसरा तर्जुमा आणला तेव्हा नारोपंतांनी आधी नदीवर डोकं धुतलं आणि मग कचेरीत गेले. केस काळे पाहून भगवंतरावांनी जुनी नोंद खोडली नाही, कारण नोंद खोडता येत नाही. त्यांनी तिच्यापुढे लिहिलं, ‘उमेदवार कलप लावतो.’

इथवरचा अपमान नारोपंतांनी गिळला, कारण त्यात त्यांचा दोष नव्हता. पुढचा सगळा त्यांचा स्वतःचा आहे.

सावरखेडला त्यांचं स्वागत बरं झालं. पाटील नत्थुजी म्हणजे उंच, सावकाश बोलणारा माणूस. कापसाच्या वेचणीची घाई असूनही त्याने पुण्याच्या पंतोजींना बसायला घोंगडी दिली आणि दूध दिलं. ‘पंतोजी’ नव्हे ‘मास्तर’, असं नारोपंतांनी दूध पिण्याआधी सुधारून घेतलं. पटवाऱ्याने महजर लिहून काढला, पाच कास्तकारांची नावं घातली, आणि दौत नत्थुजीपुढे सरकवली. नत्थुजीने लेखणी मुठीत धरली, आपल्या नावापुढे एक आडवी रेघ, एक तिरपी रेघ, वर मूठ, खाली फाळ असा छोटासा नांगर काढायला हात पुढे केला. वऱ्हाडातला कास्तकार पिढ्यान्‌पिढ्या अशीच सही करत आला होता. ज्याची जमीन, त्याचा नांगर.

नारोपंतांनी त्याचा हात धरला.

आपल्या शिक्षकपणाच्या कागदावर पाच अंगठाछाप माणसांनी नांगर काढायचे, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. पुण्याचा पहिला वर्ग, आणि त्याला साक्ष अवजारांची! त्यांना त्यात एक थोर युक्ती सुचली. या पाचांना सही करायला शिकवायचं. महजर हाच शाळेचा पहिला पुरावा होईल, साहेब शिकार सोडून तो कागद पाहत बसेल. पटवारी म्हणाला की मास्तर, निशाणी मागितली आहे, निशाणी द्या. नारोपंतांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो बिचारा आपलं दप्तर आवरून जेवायला गेला.

गंमत अशी की पाचही जण तयार झाले. अमरावतीच्या बाजारात नत्थुजीने नांगर काढला तेव्हा एका परदेशी व्यापाऱ्याचा गुमास्ता हसला होता, आणि नत्थुजी ते विसरला नव्हता. मग पंधरा दिवस सावरखेडच्या शिवारात विद्येने थैमान घातलं. नारोपंत सकाळी या वावरात, दुपारी त्या वावरात. बाया कापूस वेचत, आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून त्यांचा धनी धुळीत बोटाने ‘पुं’ काढी. पुंजारामचं अक्षर एवढं मोठं की तीन अक्षरांत धुरा संपे. शेषराव ‘ष’च्या पोटात अडकला तो चार दिवस बाहेर आला नाही. सूर्यभान रफाराला पाखरू म्हणे आणि तो दर वेळी भलत्याच अक्षरावर बसवी. नत्थुजी ‘त्थ’शी मुकाट्याने झुंजला, रोज पहाटे उठून, कोणाला न सांगता. चंद्रभानला जमलं आणि तो बिघडलाच. त्याने आपलं नाव गोठ्याच्या दारावर, कापसाच्या बोंद्र्यांवर आणि झोपलेल्या म्हशीच्या अंगावर चुन्याने लिहिलं. सोळाव्या दिवशी महजरावर पाच सह्या झाल्या. नारोपंतांचे डोळे खरोखर भरून आले. त्यांनी आयुष्यात केलेलं ते एकमेव चांगलं काम असेल, आणि तेही त्यांनी चुकीच्या कारणासाठी केलं.

भगवंतरावांनी महजर पाहिला. मग आतून सावरखेडची वसुलीची वही मागवली. मग दोन्ही शेजारी ठेवून पाहिले, आणि त्यांचा चेहरा दुःखी झाला.

“बेहेरे, या पाचही असामी दर साल नांगर काढतात,” ते म्हणाले. “या सह्या कोणाच्या?”

नारोपंतांनी अभिमानाने सांगितलं की त्यांच्याच, मी शिकवल्या. भगवंतरावांनी पाचही सह्यांवर बोट टेकवून दाखवलं की वळण एकच आहे, डोक्यावरची रेघ एकच आहे, आणि नारोपंतांच्या अर्जावर जी रेघ आहे तीच या पाचांच्या नावांवर आहे. शिष्य गुरूचंच वळण गिरवणार, त्याला नारोपंत काय करणार? ते म्हणाले, पाचांना इथे आणून तुमच्यासमोर सह्या करून दाखवतो. भगवंतराव म्हणाले की त्याने काहीच होणार नाही. माझ्यासमोर केली तरी ती दप्तराच्या विरुद्ध जाईल, आणि दप्तर खोटं असू शकत नाही. मग निशाणी बदलल्याची नोंद करा, असं नारोपंत ओरडले. तेही करता येईल, भगवंतराव शांतपणे म्हणाले, त्याला त्या पाचांचा अर्ज लागेल, आणि त्या अर्जावर त्यांचा नांगर लागेल. बनावट सह्यांचा कागद म्हणून हा महजर खरं तर वर पाठवायला हवा, पण तुम्ही पुण्याचे, भले गृहस्थ, म्हणून परत देतो. परवापासून नाताळची सुट्टी.

उद्याचा एक दिवस उरला होता. नारोपंत त्याच पावली सावरखेडला गेले, एका रिकाम्या परतणाऱ्या गाडीत, वऱ्हाडात आल्यापासून पहिल्यांदा कापसाशिवाय. नत्थुजी पाटलाच्या ओसरीवर पाचही जमले. नारोपंतांनी नवा कोरा महजर पुढे केला आणि घसा साफ करून सांगितलं की यावर नांगर काढा.

पुंजारामने पागोटं सारखं केलं.

“मास्तर,” तो म्हणाला, “माह्या बायकोनं साऱ्या सोयऱ्याइले सांगतलं, आमच्या घरचा मानूस सही करते म्हून. आता मी नांगर काढू? लोक काय म्हनतीन, इसरला म्हनतीन.”

नारोपंतांनी विनवलं. फक्त एकदा, फक्त या कागदावर. माझी नोकरी जाते, बायको दुसऱ्याच्या घरी आहे, मला मेहुण्याच्या पंक्तीला बसावं लागेल, हेही ते बोलून गेले, जे त्यांनी आजवर स्वतःशीसुद्धा मोठ्याने म्हटलेलं नव्हतं. चंद्रभानने आपली सही पुन्हा एकदा करून दाखवली, की कचेरीला न्यायला ही जास्त बरी आहे. नत्थुजी सगळ्यांत शेवटी बोलला.

“तुमीच म्हनलं होतं मास्तर, नांगर बैलाचा, सही मानसाची. मले पटलं ते. तुमच्यासाटी जीव मांगा, देतो. पन पुन्हा बैल नाई होत मी.”

हे वाक्य नारोपंतांनी धुऱ्यावर बसून उच्चारलं होतं, आणि तेव्हा त्यांना ते फार आवडलं होतं.

रात्रभर चालून ते दुसऱ्या दिवशी सकाळी पार्बताबाईंच्या पडवीत कोरा कागद पुढे घेऊन बसले. कधी कोणाच्या पाटीवर चुकलेलं गणित बरोबर म्हणून त्यांनी सोडलं नव्हतं. स्वतःच्या बापाच्या पत्रातलं शुद्धलेखन त्यांनी सुधारून परत पाठवलं होतं. असा माणूस लेखणी बुडवून, घाम पुसून, दुसऱ्याच्या नावापुढे नांगर काढू लागला. पार्बताबाई भाजीची पाटी डोक्यावर घेऊन बाहेर निघाल्या होत्या, त्या थांबून वाकून पाहू लागल्या.

“हे काय काढून राहिले? खाट हाय का?”

नारोपंत म्हणाले, नांगर. पार्बताबाईंनी पाटी खाली ठेवली. त्यांनी त्यांना परसात नेलं, भिंतीला टेकलेला खरा नांगर दाखवला, हे रुमनं म्हणजे उभा दांडा, ही मूठ, हे इसाड म्हणजे बैलांकडे जाणारी लांब दांडी, फाळ कुठे आणि का, आणि पुण्याचा पहिला वर्ग कोंबड्यांमध्ये उभा राहून मान डोलवत सगळं शिकला. कशासाठी हवं आणि आधीचा कागद का फिरला ते कळल्यावर पार्बताबाईंनी एवढंच म्हटलं की पाची नांगर एका हाताचे नका काढू, तुमची खोड हाय ते. मग दोन त्यांनी स्वतः काढले. पहिला प्रयत्न चांगला आला म्हणून त्यांना दुसऱ्याचा मोह झाला. माथ्यावर पटवाऱ्याच्या मजकुराची नक्कल नारोपंतांनी केली होतीच. शाई वाळताना त्यांना इतकी लाज वाटत होती की ते कागदाकडे पाहू शकले नाहीत.

भगवंतरावांनी महजर वहीशेजारी ठेवला. त्यांचा चेहरा खुलला. एकेका नांगरावर बोट ठेवून त्यांनी माणूस ओळखला, हा नत्थुजी पाटील, जरा ताठ. हा शेषराव, याचा फाळ नेहमी लांब. हा चौथा घाईत काढलेला दिसतो, वेचणीचे दिवस आहेत, पण हात चंद्रभानचाच. अस्सल कागद लपत नाही, असं म्हणून त्यांनी त्यावर शिक्का मारला. मागची ती बनवाबनवी मी विसरलो, असंही ते थोर मनाने म्हणाले. बाळापूरचा उमेदवार सुट्टीनंतर आला तेव्हा जागा भरलेली होती.

नारोपंतांनी सगुणाबाईंना पत्र लिहिलं की वऱ्हाडाला अखेर गुणांची पारख झाली, तयारी करून ठेव, न्यायला येतो. मेहुण्यालाही वेगळं पत्र धाडलं, जरा लांबलचक.

सावरखेडची शाळा मारुतीच्या देवळाशेजारच्या पडवीत भरली. नव्या शाळेला पोरं मिळत नाहीत, त्यातून वेचणीचे दिवस, असं सगळ्यांनी सांगितलं होतं, पण पहिल्याच दिवशी सव्वीस पोरं येऊन बसली, शेजारच्या दोन गावांची धरून. कारण साऱ्या शिवारात गाजलं होतं की पाच कास्तकारांनी सही केली आणि तिच्या जोरावर सरकारने पुण्याच्या मास्तराला ठेवून घेतलं. बाप पोरांना ओढून आणत होते. ज्या सहीने परक्या माणसाला नोकरी लागते ती आपल्या पोराला यायलाच हवी, यात कोणाला शंका नव्हती. नारोपंतांना तोंड उघडायची सोय राहिली नव्हती.

पोरं बसल्यावर पाचही जण आले आणि दारात ओळीने टेकले. नत्थुजीने पागोटं उतरवून मांडीवर घेतलं.

“मास्तर, एक खरं सांगा,” तो म्हणाला. “साहेबानं कोनाची सही पाहून तुमाले ठेवलं?”

सव्वीस पोरं पाटीवरून मान वर करून ऐकू लागली. पुंजाराम पुढे सरकला. नारोपंतांनी नत्थुजीकडे पाहिलं, त्याच्या मांडीवरच्या पागोट्याकडे पाहिलं, त्याच्या बोटाला पंधरा दिवसांत पडलेल्या शाईच्या डागाकडे पाहिलं.

“तुमची, पाटील,” ते म्हणाले.

नत्थुजीने मान हलवली आणि पोरांकडे वळून सांगितलं, “लिवा बे, नीट पाहून लिवा.” नारोपंतांनी फळ्याकडे तोंड केलं आणि पहिला धडा म्हणून ‘नत्थुजी’ लिहिलं.